पेंग्विनकाका

लिनक्सवाला माणूस ओळखण्यासाठी त्याचा कॉम्प्युटर बघावा लागत नाही. त्याला तुमचा दाखवावा लागतो. तुमच्या पडद्यावर ‘अँटिव्हायरसची मुदत संपली आहे’ अशी पाटी आली की त्याच्या चेहऱ्यावर आधी दया, मग संयम आणि शेवटी न आवरणारा उत्साह असे भाव ओळीने येऊन जातात. “किती वर्षं झाली घेऊन?” तो विचारतो. तुम्ही आठ म्हणता. “उत्तम. अजून आठ चालेल.” इथे शहाण्या माणसाने चार्जर गुंडाळून घरचा रस्ता धरावा. पण तुम्ही “कसं काय?” असं विचारता, आणि रात्रीचं जेवण गार होतं.

ही जमात डोंबिवलीत आहे, नाशिकला गंगापूर रोडला आहे, सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला गेलेली आहे आणि मुलाकडे सहा महिने जाते तेव्हा न्यू जर्सीतही सापडते. वयाची अट नाही. तरी अस्सल नमुना पाहायचा तर निवृत्त माणूस बघावा. तरुण लिनक्सवाल्याला नोकरी असते, म्हणून वेळ कमी. आणि नोकरीत तो दिवसभर लिनक्सच बडवत असतो, म्हणून अप्रूपही कमी. निवृत्ताकडे दोन्ही मुबलक.

आमच्या इमारतीतले पेंग्विनकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. पेंग्विन हे लिनक्सचं, म्हणजे विंडोजसारख्याच पण फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचं, बोधचिन्ह. तो काकांच्या लॅपटॉपच्या पाठीवर आहे, स्कूटरच्या तोंडावर आहे आणि दारावरच्या पाटीवर गणपतीच्या जरा खाली, त्याचा मान राखून, बसलेला आहे. सोसायटीतल्या लहान मुलांना काही दिवस ते काकांचं कुलदैवतच वाटत होतं. मोठ्यांचंही तेच मत आहे, फक्त ते काकांसमोर बोलत नाहीत.

काका मूळचे विंडोजवालेच. मुलगा परदेशी जाताना जुना लॅपटॉप मागे ठेवून गेला. तो चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून काका अंघोळीला जात आणि बाहेर आल्यावरही पडद्यावर वर्तुळ फिरतच असे. मग दिवाळीला बंगळूरहून भाचा आला. त्याने खिशातून एक पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाला, “मामा, नुसतं लावून बघा. इन्स्टॉल करायचं नाही. यावरूनच चालतं. नाही आवडलं तर काढून टाका.” जगातल्या तमाम लिनक्सवाल्यांच्या चरित्रात हे वाक्य पहिल्या प्रकरणात येतं. भाऊबीज झाल्यावर भाचा परत गेला. पेनड्राइव्ह राहिला.

दुसऱ्या दिवशी काकांनी तो लावला, धीर करून इन्स्टॉलही केलं, आणि लॅपटॉप चक्क चहा होण्याआधी सुरू झाला. फक्त वायफाय नव्हतं. त्या चिपचा ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वायफाय हवं. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ही परिस्थिती अजिबात नवी नव्हती. उलट काकांना पहिल्यांदाच या कॉम्प्युटरविषयी आपलेपणा वाटला.

पण आता कोणाला तरी विचारणं भाग होतं, आणि विचारणं हा काकांचा प्रांत नव्हे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हाताखालच्या कोणाला काही विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही असं लेखी देणं, हे खात्यातलं पहिलं ज्ञान. भाच्याने त्यांना मोबाइलवर लिनक्सवाल्यांच्या एका गटात घालून ठेवलं होतं. तिथे काकांनी रात्री साडेदहाला आयुष्यातला पहिला प्रश्न टाकला तो असा: “विषय : वायफाय न चालणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, निम्नस्वाक्षरीकाराच्या संगणकावर...” खाली पदनाम, कंसात निवृत्त.

गटावर क्षणभर शांतता पसरली असावी. मग उत्तर आलं, “काका, टर्मिनल उघडा, एलएसपीसीआय टाइप करा आणि जे दिसेल ते इथे टाका.” काकांनी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, आज्ञा दिली, पडद्यावर पंधरा-वीस ओळी भरभर उमटल्या. काकांनी फुलस्केप घेतला, समास आखला, त्या सगळ्या ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या, खाली तारीख घातली आणि फोटो पाठवला. पलीकडून उत्तर आलं, “अक्षर फार सुंदर आहे काका. पुढच्या वेळी कॉपी-पेस्ट करा. आता मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा, त्याचंच इंटरनेट वापरून ड्रायव्हर घेऊ.” पाऊण तासाने वायफाय लागलं. काकांनी आभाराचं पत्र लिहिलं. तेही ‘महोदय’नेच सुरू होत होतं.

हे महोदय कोण, ते पुष्कळ दिवस कळलं नाही. गटावर लोक भलभलत्या टोपणनावांनी वावरतात. काका दर अडचणीला ‘आदरणीय सर’ असं संबोधून लिहायचे आणि सर दर वेळी न कंटाळता उत्तर द्यायचे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा एक जुना गट आहे, पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप. ओळखीचे लोक त्याला ‘प्लग’ म्हणतात. त्याच्या बैठकीला सर येणार असं कळल्यावर काका इस्त्रीचा शर्ट घालून आणि चितळ्यांची बाकरवडी घेऊन गेले. सर म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, पाठीवर सॅक लावलेली एक मुलगी निघाली. मूळ गाव इचलकरंजी. तिने वाकून नमस्कार केला. काकाही वाकले. दोघांची डोकी आपटली. तेव्हापासून काका तिला ‘मॅडम’ म्हणतात आणि ती त्यांना ‘काका, परत तेच?’ म्हणते.

मॅडमनी काकांना पुष्कळ वाचवलं आहे, पण सगळ्यात अवघड प्रसंग डेबियनचा. डेबियन हा लिनक्सच्या घराण्यांतला जुना, कर्मठ वाडा, १९९३ चा. त्याच्या आवृत्त्यांची नावं मात्र ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या खेळण्यांवरून ठेवतात, आणि या विसंगतीबद्दल तिथे कोणाला काही वाटत नाही. काकांनी तो घातला आणि एका महत्त्वाच्या कामासाठी ‘सुडो’ ही आज्ञा दिली. सुडो म्हणजे साहेबाच्या अधिकारात काम करून घेणं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, साधी चांदणीही नाही. कीबोर्ड गेला असं समजून काकांनी तो उलटा करून झटकला. तसाच नेटाने पासवर्ड पुरा केला, तर उत्तर आलं की तुमचं नाव अधिकृत यादीत नाही, आणि या घटनेचा अहवाल वर कळवण्यात येईल.

काकांना घाम फुटला. चौतीस वर्षांत एक मेमो नव्हता. रात्री अकराला त्यांनी मॅडमना फोन लावला.

“अहवाल कोणाकडे जातो?”

“रूटकडे, काका. म्हणजे मशीनच्या मालकाकडे.”

“मालक कोण?”

“तुम्हीच.”

“म्हणजे मी केलेला गुन्हा मलाच कळवणार?”

“हो.”

काका जरा थांबले. “मग उत्तर किती दिवसांत द्यायचं?”

या माणसाने पुढच्या वर्षभरात सोसायटीला उपदेश करायला सुरुवात केली नसती तरच नवल. काकांचं प्रवचन २५ ऑगस्ट १९९१ पासून सुरू होतं. त्या दिवशी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत, फुकट असेल, पण हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही. इथे काका थांबतात आणि ऐकणाऱ्याला डोळे पुसायला अवधी देतात. मग आवाज चढतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर! तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा! २०२१ साली मंगळावर उडालं ते ‘इंजेन्युइटी’ हेलिकॉप्टर, त्यातसुद्धा लिनक्स! “मंगळावर चालतं, मग सोसायटीच्या ऑफिसात का नाही चालणार?”

“मंगळावर प्रिंटर नाही, काका,” सेक्रेटरी म्हणाले.

वार वर्मी लागला. सोसायटीचा प्रिंटर काकांनी जोडून दिला होता आणि तेव्हापासून तो मेंटेनन्सच्या पावत्या फक्त आडव्या छापत होता. पण काका डगमगणारे नव्हेत. ते सरळ १९८० च्या सुमाराला, अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे एका लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्यांना पत्ताच लागायचा नाही. रिचर्ड स्टॉलमनला त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, म्हणजे कागद अडकला की लोकांना तसा निरोप जाईल. त्याने मूळ प्रोग्रॅम मागितला. करारात अडकलेल्या माणसाने द्यायला नकार दिला. तो राग स्टॉलमनने सोडला नाही. १९८३ साली त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, ज्याची कितीतरी अवजारं आज लिनक्सबरोबर नांदतात. “तेव्हा सेक्रेटरीसाहेब, ही सगळी चळवळच मुळी प्रिंटरमुळे उभी राहिली!”

“मग निदान प्रिंटर तरी चालायला हवा होता,” सेक्रेटरी म्हणाले.

स्टॉलमनची चार स्वातंत्र्यं हा प्रवचनाचा उत्तरार्ध. प्रोग्रॅम हवा तसा वापरायचं, आतून तपासून बदलायचं, दुसऱ्याला प्रत द्यायचं आणि आपण केलेला बदल वाटायचं स्वातंत्र्य. अडचण अशी, की ही चार स्वातंत्र्यं प्रोग्रॅमरांच्या रिवाजाप्रमाणे शून्यापासून मोजतात. त्यामुळे शेवटचं सांगताना काका “हे झालं तिसरं” म्हणतात, आणि चार ऐकायला बसलेला सज्जन माणूस एक राहिलं म्हणून आणखी दहा मिनिटं बसून राहतो.

काकूंचं या सगळ्यातलं स्थान वेगळं आहे. काकांनी लिनक्स मिंट वापरायला घेतलं तेव्हाची गोष्ट. मिंटवाल्यांना आवृत्त्यांना बायकांची नावं द्यायची हौस, आणि तीही बहुतेक ‘आ’कारान्त. २०१८ साली आली ती तारा. २०२१ च्या जुलैत उमा. नंतर व्हॅनेसा, व्हेरा, व्हिक्टोरिया. काका गॅलरीत उभे राहून फोनवर मोकळ्या आवाजात बोलत, “तारा काय हो, अतिशय गरीब होती, कधी तक्रार नाही. पण उमा आली आणि घराचं रूपच पालटलं. आता व्हॅनेसा आणायची म्हणतोय, उमाला काढून टाकायचं अगदी जिवावर आलंय.” तळमजल्यावर उमा नावाच्या एक बाई खरोखरच राहतात. त्यांनी वर येऊन काकूंची चौकशी केली. काकू म्हणाल्या, “त्यांचं सोडा हो. बाईमाणसाचं नाव घेतात तेच नवल. आधी नुसते आकडे घ्यायचे.”

काकूंच्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवरही काकांनी मिंट घालून दिलं आहे. त्यावर त्या कीर्तनं ऐकतात, पाककृती बघतात आणि नातवाला व्हिडिओ कॉल करतात. टर्मिनल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. त्यांचं मशीन घातल्या दिवसापासून एकदाही बिघडलेलं नाही, आणि म्हणून काकांना त्यात काडीचा रस नाही. लिनक्सवाल्याचा खरा जीव बिघाडात असतो. सगळं सुरळीत चालू लागलं की तो अस्वस्थ होतो, फेडोरा या दुसऱ्या घराण्याची चौकशी करतो, आर्च या तिसऱ्याची हस्तपुस्तिका वाचतो आणि एका निवांत रविवारी, चालतं मशीन पुसून, परत पहिल्यापासून सुरू करतो. लोक याला व्यसन म्हणतात. माझ्या मते हा निवृत्तीनंतरचा सगळ्यात स्वस्त प्रवास आहे. तिकीट नाही, सामान नाही, आणि वाटेत अडकलं तर उचलायला माणसं हजर.

त्या माणसांचा खरा कस लागला तो अण्णांच्या आठवणींच्या वेळी. अण्णा म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या आठवणी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. दोनशेच्या वर पानं. छपाई राहून गेली, डीटीपीवाल्याने दुकान आवरलं, हातात उरली ती एक सीडी. ती उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची पेरणी दिसायची. सगळ्यांसाठी एकच तक्ता आणणाऱ्या युनिकोडच्या आधीचे फॉन्ट तसेच होते: ज्याचा त्याचा वेगळा तक्ता. फॉन्ट हरवला की मजकूर असून नसल्यासारखा. अण्णांनी आशा सोडली होती. काकांनी ती सीडी पाहिली आणि चेहऱ्यावर ते तीन भाव ओळीने येऊन गेले.

गटावर प्रश्न पडला. या वेळी विषय, महोदय काही नाही. काका सुधारले होते. रात्रीत तीन माणसं कामाला लागली. मॅडम एक, नागपूरचा एक बँक कर्मचारी आणि कोचीतला एक तरुण, ज्याला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. अक्षराला अक्षर लावायचा तक्ता नागपूरकराने केला. खरी मेख वेलांटीत होती. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर नोंदायची असते. रफाराचं नेमकं उलटं: जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. कोचीच्या मुलाने वेलांट्या अक्षरानंतर आणि रफार अक्षराआधी सरकवणारा प्रोग्रॅम लिहिला, तोही नुसत्या आकारांवरून. ‘पिशवी’ जुळली, ‘सूर्य’ जुळला. ‘कार्तिक’ मात्र हटून बसला. त्यात एकाच अक्षरावर रफारही आणि पहिली वेलांटीही. नेमका अण्णांचा जन्म कार्तिकातला, त्यामुळे पुस्तकाचं पहिलंच वाक्य अडलं. कोचीचा मुलगा रोज रात्री विचारायचा, “आज कार्तिक कसा आहे?” काका सांगायचे, “अजून डोक्यावर पडलेलाच आहे.” शेवटी तोही सरळ झाला. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने खुल्या केलेल्या लोहित फॉन्टमध्ये, मराठी वळणाच्या ल आणि श सकट, अण्णांची सगळी पानं पडद्यावर उभी राहिली. अण्णांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि लाल पेन मागितलं. शुद्धलेखनाच्या चुका निघाल्या होत्या.

पैशाचा विषय अण्णांनी काढला तेव्हा तिघांपैकी कोणीच दाद दिली नाही. कोचीच्या मुलाने एवढंच कळवलं, की प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे, दुसऱ्या कोणाचे अण्णा असतील तर त्यांना उपयोगी पडेल. काकांनी त्याला घरच्या कोकमाचं आगळ कुरिअरने पाठवलं.

आता दर रात्री जेवणानंतर काका गटावर नवीन आलेल्यांची वायफायं लावत बसतात. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे मराठीतले धडे ते विद्यार्थ्यांना आधी ऐकायला लावतात, मग प्रश्न विचारू देतात. परवा एका निवृत्त तहसीलदारांनी हाताने लिहिलेल्या आउटपुटचा फोटो टाकला. काकांनी लगेच लिहिलं, “अक्षर उत्तम. समास थोडा मोठा सोडा.” मॅडमना मध्ये पडावं लागलं.

या चित्रात एक काळा डाग आहे आणि तो लपवणं योग्य नाही. काकांच्या लॅपटॉपमध्ये एका घरात दोन चुली आहेत. डिस्कच्या एका कोपऱ्यात विंडोज अजून नांदतं. एका सरकारी कामाला डिजिटल सहीची जी चावी लागते, तिचा ड्रायव्हर पलीकडेच चालतो. मॅडमनीही हात टेकले. वर्षातून एकदा, जुलैच्या अखेरीस, काका खोलीचं दार लावून घेतात. आतून तासभर काही आवाज येत नाही. बाहेर आल्यावर ते हात धुतात आणि कोणाशी बोलत नाहीत. काकू अशा दिवशी पुरणपोळी करतात.

तर सांगायचं ते एवढंच. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटीत न बसणारे लॅपटॉप घरोघरी कपाटावर पडून आहेत. तुमचा त्यातलाच असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तुमच्या भागातल्या पेंग्विनकाकांना एकदा दाखवा. संध्याकाळ मोकळी ठेवा, चौथं स्वातंत्र्य शोधत बसू नका, आणि सगळे फोटो आधी दुसरीकडे काढून घ्या. काका उत्साहाच्या भरात आधी डिस्क पुसतात आणि मग विचारतात.